पुढची खोली

तीर्थरूप आबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे मी आखाजीलाच, अक्षय तृतीयेला आले तेव्हाच, सांगायला हवं होतं. सांगायचं ठरवूनच धुळ्याच्या बसमध्ये बसले होते. पण आबा, तुम्ही दारातच हाताला धरलंत आणि पुढच्या खोलीत नेलंत. भिंतींना नवा चुना, कोनाडे साफ, ज्वारीची पोती मागच्या घरात हलवलेली. ‘आठे तुनं टेबल, तठे नकाशास्नी मांडणी,’ म्हणालात. मी नुसती मान हलवली. मग निंबाखालच्या झोक्यावर जाऊन बसले. आईनं खापरावरची पुरणपोळी तिथंच आणून दिली, तीही मुकाट खाल्ली. आईला काहीतरी कळलं होतं. ती विचारत नाही, नुसती वाढत राहते.

माझी सही त्याच्या चार दिवस आधीच झाली होती.

इथलं विद्यापीठ वास्तुकलेची स्वतंत्र शाखा काढतंय. आजवर आमचा विभाग अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या एका मजल्यावर होता. आता स्वतःची इमारत, स्वतःचा खर्चाचा हिशेब, स्वतःचे शिक्षक. ते उभं करायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी हो म्हटलंय. पाच वर्षांसाठी. म्हणजे धुळ्यात ऑफिस टाकायचं, रोज संध्याकाळी घरी यायचं, हे सगळं पाच वर्षं पुढे गेलं. आबा, तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात. पाच वर्षं म्हणजे काय, हे मला मोजता येतं. तीन रात्री तेच मोजत बसले होते.

पाचच का, तर हा अभ्यासक्रमच पाच वर्षांचा, दहा सत्रांचा. यंदा चाळीस मुलं येतील. ती पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय शाखा उभी राहिली असं म्हणता येणार नाही. भिंत अर्धी सोडून गवंडी निघून गेला तर तुम्ही त्याला काय म्हणायचात, ते मी लहानपणी ऐकलंय.

तुम्ही म्हणाल, विभाग होताच की, वेगळी चूल कशाला? इंजिनियर मंडळी वाईट नाहीत. तुळईवर किती भार येतो हे मला त्यांनीच शिकवलं. पण आमचं शिकवणं त्यांच्या वेळापत्रकात मावत नाही. पन्नास मिनिटांनी घंटा होते. पोरानं पुठ्ठ्याचं घर निम्मं चिकटवलेलं असतं, ते उचलून ठेवायचं. पाच वाजता शिपाई कुलूप लावायला उभा. गेल्या वर्षी परीक्षेच्या बाकांसाठी आमचा हॉल रिकामा करवला आणि पोरांची सगळी मॉडेलं व्हरांड्यात गेली. त्या रात्री पाऊस आला. सकाळी एक मुलगी त्या लगद्यापुढे बसली होती, रडत नव्हती, नुसती बघत होती. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आबा, पाटलांच्या गोठ्याची भिंत आठवते? मी चौथीत होते. दिवसभर तुम्ही रचलीत, मी ओळंब्याची दोरी धरून उभी. दिवेलागणीला तुम्ही लांब जाऊन पाहिलंत आणि म्हणालात, बोटभर कलली. पाटील म्हणत होते, राहू द्या, जनावरांनाच तर बांधायचंय. तुम्ही वरचे तीन थर उतरवलेत आणि सकाळी परत रचलेत. मी जे काही शिकले ते त्या दिवशी. तेव्हा पन्नास मिनिटांनी घंटा झाली असती तर? लांब जाऊन बघायला, उतरवायला, परत रचायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारी जागा लागते. मला या पोरांसाठी एवढंच मागायचं होतं.

आणि हे खूळ माझ्या एकटीचं नाही. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय १८५७ चं, पण तिथल्या वास्तुकलेचं स्वतंत्र कॉलेज व्हायला १९५८ साल उजाडलं. दिल्लीची वास्तुकलेची शाळा १९४१ मध्ये पॉलिटेक्निकचा एक विभाग म्हणूनच सुरू झाली, तिला आजचं नाव मिळालं १९५९ मध्ये. अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी १९६२ मध्ये शाळा काढली. दोशी मूळ पुण्याचे. त्यांना २०१८ मध्ये प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं जगातलं मोठं पारितोषिक, मिळालं तेव्हा मी तुम्हाला फोन करून सांगितलं होतं, आणि तुम्ही विचारलं होतंत, ‘घरं कशी बांधतो तो?’ त्यांच्या त्या शाळेत उत्तरेचा उजेड वरून आत घेतलाय आणि विटांच्या भिंतींखाली मोकळी सावली ठेवलीय. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा मला आपला ओटा आठवला. खरंच सांगते.

माझी काळजी करू नका. राहायला आवारातच क्वार्टर आहे, दोन खोल्या, पूर्वेला खिडकी. पगार आधीइतकाच आहे, कमी नाही. अविनाशनी दोन दिवस विचार करून होकार दिला. जेवणाचं म्हणाल तर पोळीभाजीची बाई चांगली आहे, फक्त तिला कळण्याची भाकरी जमत नाही. आई, तुझ्या बिबड्यांचा डबा तळाला गेलाय. आता शेवटच्या चार राहिल्यात, त्या तळायचा धीर होत नाही.

परवा इथं उकडत होतं आणि झोप येईना, तेव्हा आपल्या घरावरचं मातीचं धाबं आठवलं. पाणी शिंपडलेली गार माती, तुझ्या लुगड्याची गोधडी, आणि आबा डोक्याशी बसून वारा घालायचे तो सुपाचा आवाज. मी झोपले असं समजून तुम्ही दोघं माझ्या फीबद्दल हळू बोलायचात. मी झोपलेली नसायची.

आता ऐका. धाब्यावर माती टाकायचे दिवस आलेत. आबा, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. मागच्या वर्षी चक्कर आली ती तुम्ही आमच्यापासून लपवलीत, ती मला शेजारच्या काकूंकडून कळली. दोन माणसं लावा, मजुरी मी पाठवलीय. खारी माती नदीकडची नेहमीचीच आणा, तुम्ही खाली खाटेवर बसून सांगा. पन्हाळीचं तोंड आधी मोकळं करायला लावा. बीपीची गोळी सकाळी चहाआधी, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. आई, डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर असं तू गेली दोन वर्षं म्हणतेस. या दिवाळीआधी मी चार दिवस रजा टाकून येते आणि धुळ्याला घेऊन जाते, तारीख मीच घेतलीय. मोरीत पिवळा मंद दिवा आहे तो काढून पांढरा लावा. ओट्याच्या पायऱ्यांना कठडा हवा, त्याचं चित्र सोबत ठेवलंय. उंची तीन फूट, पाइप हातात नीट मावेल इतका, जास्त जाड नको. लोहाराला चित्र दाखवा. तोंडी सांगू नका, तो त्याच्या मनानं करतो.

रागावले असाल तर रागवा, पण दोन दिवसांनी फोन उचला.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षाची मुलं जुनी घरं मोजायला एखाद्या गावी न्यायची असतात. मी जानेवारीत आपल्या गावी आणतेय. आधी फरकांड्याला झुलत्या मनोऱ्यांची जागा दाखवीन, मग चार दिवस आपली गल्ली. तुळई, कडी, किलचण, वरचा कडुलिंबाचा पाला, मग माती, हे धाब्याचे थर आबा, तुम्ही समजावून सांगायचे. भर दुपारचं ऊन इतक्या जाडीतून खाली उतरेपर्यंत रात्र होते आणि तोवर माणसं वर निजायला गेलेली असतात, हे मी वर्गात फळ्यावर सांगते. तुम्ही भिंतीला हात लावून सांगाल. पांझरा नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे फडही दाखवा, पाटकरी पाणी कसं वाटतो तेही. पोरं शहरातली आहेत, बोली कळली नाही तर मी सांगेन, तुम्ही अहिराणीतच बोला.

आई, चाळीस जणांचं एकटीनं करायचं नाही. गल्लीतल्या बायकांना सांगून ठेव, पैसे विद्यापीठ देतं. एका रात्री मात्र भरीत आणि कळण्याची भाकरी हवी.

मुली पुढच्या खोलीत निजतील. तोवर ज्वारीची पोती हवी तर परत आत ठेवा, ओल लागेल मागे. आणि पावसाळ्यात चुना निघाला तर आबा, तुम्ही परत लावू नका. पोरांच्या हातून लावून घेऊ. कुंचा कसा धरायचा तेही त्यांना शिकायचंच आहे.

तुमची,
बेबी