हेड कोच झाले नाहीत म्हणून करिअर अपुरं कसं?

संपादक साहेब,

नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या कोचेसवर लेख आला होता, तो दोनदा वाचला. मराठीत या खेळावर कोणीतरी मनापासून लिहितंय याचा आनंद झालाच, पण एक गोष्ट खटकली आणि ती डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. लेखात असिस्टंट कोचच्या करिअरकडे फक्त शिडी म्हणून पाहिलंय, वरची पायरी म्हणजे हेड कोच, आणि जो तिथे पोचला नाही त्याचं काहीतरी राहून गेलं. उदाहरणं दिलीत ती बरोबरच आहेत. कर्बी स्मार्ट अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली डिफेन्स, म्हणजे समोरच्या टीमला अडवणारी बाजू, सांभाळून जॉर्जियाचे हेड कोच झाले आणि २०२१, २०२२ अशा लागोपाठ दोन सीझनला नॅशनल चॅम्पियन. ब्रेंट व्हेनेबल्स क्लेमसनला दहा सीझन काढून ओक्लाहोमाचे हेड कोच झाले. पण व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीचे डिफेन्स कोऑर्डिनेटर, म्हणजे अख्ख्या डिफेन्सचे प्रमुख कोच, राहिलेले बड फॉस्टर यांचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही. डिफेन्स कोचचं करिअर काय असतं हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने तर या माणसापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

फॉस्टर केंटकीतल्या मरी स्टेटला खेळायचे. १९८१ ला फ्रँक बीमर तिथले हेड कोच झाले आणि फॉस्टर त्यांच्याच स्टाफमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागले. ही नोकरी म्हणजे नावाला कोच, पगार अगदी किरकोळ, आणि पुढच्या टीमच्या मॅचेसची फिल्म बघबघून चार्ट भरायचे, सीनियर कोच सांगतील ते सगळं करायचं, बहुतेक सगळे इथूनच सुरू होतात आणि बरेच इथेच कंटाळून सोडतात. १९८७ ला बीमर व्हर्जिनिया टेकला आले तेव्हा फॉस्टर लाइनबॅकर्सचे, म्हणजे डिफेन्सच्या मधल्या फळीचे, कोच म्हणून सोबत आले, आणि मग २०१९ पर्यंत तिथेच. ३३ सीझन, एकच कॉलेज, एकच गाव, ब्लॅक्सबर्ग.

हे किती अवघड आहे ते आकड्यावरून कळत नाही. या धंद्यात हेड कोच गेला की त्याच्याबरोबर सगळा स्टाफ जातो, दोन-तीन वर्षांनी घर उचलायचं, पोरांच्या शाळा बदलायच्या हे कोचेसच्या घरात नेहमीचं आहे. १९९२ ला टेकने ११ पैकी फक्त २ मॅच जिंकल्या, बीमर यांची खुर्ची जेमतेम वाचली, स्टाफमधले बरेच जण बदलले, फॉस्टर राहिले. १९९३ पासून पुढे सलग २७ सीझन ही टीम बाउल गेमला, म्हणजे सीझन संपल्यावर चांगल्या टीम्सना मिळणाऱ्या जादा मॅचला, गेली. फॉस्टर १९९५ ला अर्धे कोऑर्डिनेटर झाले, म्हणजे रॉड शार्पलेस यांच्याबरोबर मिळून, आणि १९९६ पासून एकटे. २०१५ च्या सीझननंतर बीमर रिटायर झाले, जस्टिन फुएन्टे नवे हेड कोच आले, आणि त्यांनी जुन्या डिफेन्स कोऑर्डिनेटरला आहे तिथेच ठेवलं. नवा साहेब आल्यावर असं सहसा होत नाही हो.

१९९५ लाच त्या दोघांनी खाणीतल्या कामगाराचा एक जुना, पोचे आलेला पत्र्याचा जेवणाचा डबा आणला. लंच पेल. तो ज्या प्लेयरने मेहनतीने कमावला असेल त्याच्या हातात द्यायचा. त्या डोंगराळ भागात कोळशाच्या खाणीत राबलेल्या लोकांची घरंच्या घरं आहेत, त्यामुळे त्यांना तो डबा समजावून सांगावा लागला नाही, आणि बघता बघता ती अख्ख्या युनिव्हर्सिटीची ओळख झाली.

आता खरं काम काय असतं ते. २०१४ चा सप्टेंबर, ओहायो स्टेट, त्यांच्याच घरी, एक लाखावर लोक स्टेडियममध्ये. त्यांचा नेहमीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, ऑफेन्स चालवणारा प्लेयर, सीझनच्या आधीच जखमी झालेला, त्याच्या जागी जे. टी. बॅरेट हा नवा पोरगा, त्याची दुसरीच मॅच, आणि त्याला वाचवायला पुढे उभी राहणारी ऑफेन्सिव्ह लाइनही बरीचशी नवीन. फॉस्टर यांनी काय केलं, तर बेअर फ्रंट लावला, म्हणजे सेंटर आणि दोन्ही गार्ड, त्या लाइनमधले मधले तिघे, तिघांच्याही समोर एकेक माणूस उभा केला, त्यामुळे आतल्या बाजूला दोघांनी मिळून एकाला ढकलायची सोय त्यांना राहिलीच नाही आणि बॉल घेऊन पळायचा त्यांचा रन गेम तिथेच अडला. याची किंमत मागे मोजावी लागते. पास पकडणाऱ्यांना अडवणारे कॉर्नरबॅक एकटे पडतात, मदतीला सगळ्यात मागे राहणारा सेफ्टी नाही, एक जण चुकला की सरळ टचडाऊन. ती रिस्क घ्यायची तर आपल्या पोरांवर किती भरवसा पाहिजे! बॅरेटचे २९ पैकी ९ पास लागले, ३ इंटरसेप्शन (टेकने मध्येच पकडलेले पास), ७ सॅक (पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), टेक ३५-२१ ने जिंकली. आणि याच ओहायो स्टेटने त्या सीझनला एकही दुसरी मॅच हरली नाही आणि पुढे पहिल्या प्लेऑफची चॅम्पियनशिप मारली. आणि हे सगळं मैदानातल्या प्लेयरना कळवायला हेल्मेटमध्ये रेडिओ वगैरे तेव्हा कॉलेजला नव्हता, तो २०२४ ला आला, फॉस्टर यांच्या सगळ्या काळात कॉल साइडलाइनवरून हाताच्या खुणांनी जायचे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेक फॉरेस्टबरोबर ६० मिनिटं संपली तेव्हा स्कोअर ०-० होता. फॉस्टर यांच्या डिफेन्सने एक पॉइंट दिला नाही आणि तरी टीम डबल ओव्हरटाइममध्ये ६-३ ने हरली. डिफेन्स कोचची नोकरी ही अशी असते, आपलं काम चोख झालं तरी रेकॉर्डमध्ये हार लागते, आणि लोक हसतात ते सगळ्यांनाच.

सगळं गोड गोड लिहायचं नाहीये मला. २०१८ ला पिट्सबर्गने याच डिफेन्सची अक्षरशः धूळधाण केली, ५२-२२, नुसत्या रनिंगचे ४९२ यार्ड. लोक म्हणाले म्हातारा झाला, गेम पुढे गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये फॉस्टर यांनी तब्येतीमुळे हा शेवटचा सीझन असं जाहीर केलं आणि त्यांची शेवटची होम मॅच नेमकी पिट्सबर्गशीच आली. २८-०. एका वर्षात ५२ वरून शून्य, तेही बऱ्याचशा त्याच पोरांना घेऊन. त्यानंतरच्या दोन मॅच मात्र ते हरले, व्हर्जिनियाने ३९ केले आणि बाउलमध्ये केंटकीने ३७, तेही लिहायला हवं. पण ज्या कोचला साठीला आल्यावरही मागच्या वर्षीच्या मारातून शिकून नवं उत्तर काढता येतं त्याचं करिअर अपुरं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि त्यांच्या हाताखालून गेलेले प्लेयर बघा. कॅम चॅन्सलर, डिआँजेलो हॉल, काइल फुलर, आणि २०१८ च्या ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल या प्रोफेशनल लीगच्या टीम्स कॉलेजचे प्लेयर निवडतात तेव्हा, एडमंड्स भाऊ, ट्रेमेन आणि टेरेल, दोघं सख्खे भाऊ एकाच ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. हेड कोचला फंड गोळा करा, भाषणं द्या, प्रेसला सांभाळा हे सगळं करावं लागतं. कोऑर्डिनेटर रोज पोरांबरोबर मीटिंग रूममध्ये असतो, पाय कुठे ठेवायचा, नजर कुठे ठेवायची हे शिकवत. कुणाला तेच आयुष्यभर करायचं असेल तर ती कमी इच्छा आहे का?

फॉस्टर एकटेच असते तर अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण असिस्टंट कोचेससाठी ब्रॉयल्स अवॉर्ड आहे, १९९६ ला सुरू झालं, फॉस्टर यांना ते २००६ ला मिळालं आणि अगदी पहिलं मिळालं ते फ्लोरिडा स्टेटच्या मिकी अँड्र्यूज यांना. हे अँड्र्यूज आधी दोन छोट्या कॉलेजांचे हेड कोच होऊन बसलेले, आणि मग १९८४ ते २००९ बॉबी बाउडेन यांच्याकडे २६ सीझन डिफेन्सच बघितला. आपल्या लेखातली शिडी त्यांनी चढून पाहिली होती, आणि पुढचं सगळं आयुष्य काढलं ते मात्र कोऑर्डिनेटर म्हणून. १९९९ च्या सीझनची चॅम्पियनशिप मॅच, शुगर बाउल, त्यात एकीकडे अँड्र्यूज यांचा डिफेन्स होता आणि दुसरीकडे फॉस्टर यांचा, फ्लोरिडा स्टेट ४६-२९ ने जिंकली, मात्र त्या मॅचचा विषय निघाला की टेकचे क्वार्टरबॅक मायकेल विक यांच्यापलीकडे कोणी जात नाही.

तर विनंती एवढीच की या लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर या दोघांना त्यात जागा द्या, आणि नुसत्या चौकटीतल्या चार ओळी नकोत, नीट अर्धं पान द्या.

आपला,
एक नियमित वाचक