बूल लायब्ररीत जाशील तेव्हा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे जिकडे तिकडे दुष्काळाची स्मारकं आहेत, आणि मला त्यातलं काहीच माहीत नाही." तेव्हा तुझी बस आली आणि बोलणं राहून गेलं. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर पुस्तकांबद्दल मला बोलण्यापेक्षा लिहूनच नीट सांगता येतं, म्हणून हे पत्र. तुझं कॉर्कला जायचं ठरलं तेव्हापासून मी आयर्लंडवरची मिळतील ती पुस्तकं वाचते आहे.

तू ज्या बूल लायब्ररीत बसतेस, तिला तुझ्या 'बूलियन' तर्कगणितवाल्या जॉर्ज बूलचं नाव आहे. १८४९ मध्ये तुझं हे कॉलेज उघडलं तेव्हा तो तिथला गणिताचा पहिला प्राध्यापक. आत तर्कशास्त्र शिकवलं जात होतं आणि बाहेर माणसं उपाशी मरत होती. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या जवळजवळ ८२ लाख होती, १८५१ मध्ये साडेपासष्ट लाख उरली. बटाट्यावर आपल्याकडे उशिरा येणारा करपा पडतो ना, तोच १८४५ मध्ये तिथे आला आणि पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच जहाजांत बसून निघून गेली. कित्येक जहाजं तुझ्या जवळच्या कोव्ह बंदरातून सुटली.

आता पुस्तकांकडे येते. माझी एक सवय तुला ठाऊक आहे. कुठलंही अभ्यासाचं पुस्तक हाती आलं की मी आधी शेवटची नामसूची उघडते. कोण कोण आहे ते बघते, मग कोण नाही ते शोधते. आयर्लंडच्या बाबतीत या सवयीने मला फार शिकवलं.

दुष्काळाला शंभर वर्षं होत आली तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी इतिहासकारांना एक ग्रंथ लिहायला सांगितलं. एडवर्ड्स आणि विल्यम्स यांनी संपादित केलेला तो ग्रंथ निघाला १९५६ मध्ये, म्हणजे शताब्दी उलटून गेल्यावर. काम काळजीपूर्वक केलेलं, कागदपत्रं तपासलेली. पण किती माणसं मेली, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. सामान्यांच्या आठवणी शेवटच्या प्रकरणात आल्या. मग १९६२ मध्ये सेसिल वुडहॅम-स्मिथ या बाईंचं 'द ग्रेट हंगर' आलं. त्यात मेलेली माणसं दिसतात. लंडनच्या ट्रेझरीत बसून मदतीचा हात आखडणारे ट्रेव्हेलियनही दिसतात. हेच गृहस्थ पुढे मद्रासचे गव्हर्नर होऊन आपल्याकडे आले. लोकांनी ते पुस्तक उचलून धरलं. प्राध्यापकांनी मात्र नाकं मुरडली. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९६३ च्या परीक्षेत मुलांना 'हे पुस्तक म्हणजे एक थोर कादंबरी आहे' अशा अर्थाच्या विधानावर निबंध लिहायला लावला. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. बाईंच्या पुस्तकात चुका असतील, पण शोक करणं ही चूक नव्हती.

पुढे तीसेक वर्षांनी अभ्यासक त्याच प्रश्नाकडे परत आले. कॉर्मक ओ ग्राडा हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. त्यांचं १९९९ चं 'ब्लॅक फॉर्टी-सेव्हन अँड बियाँड' तू आधी घे. माणसं भुकेपेक्षा ताप आणि हगवणीने जास्त गेली, हे त्यात आकडे मांडून सांगितलं आहे आणि लोकांच्या आठवणींनाही एक अख्खं प्रकरण दिलं आहे. आकडे आणि आठवणी एकाच माणसाने इतक्या जबाबदारीने हाताळलेल्या मी क्वचितच पाहिल्या.

तुझ्याच विद्यापीठातून २०१२ मध्ये दुष्काळाचा एक मोठा नकाशासंग्रह निघाला आहे, सातशेच्या वर पानांचा. तो टेबलावरच ठेवून बघावा लागेल. तिथे टाउनलँड म्हणजे साधारण आपलं मौजे. कुठल्या भागात दहा वर्षांत किती माणसं कमी झाली, ते नकाशांवर रंगांनी दाखवलं आहे. त्यात स्किबरीन शोध आणि मग एखाद्या रविवारी बसने तिथे जाऊन ये. तिथल्या ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं एकत्र पुरली आहेत, नावाशिवाय. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं, तेव्हा दुष्काळाच्या आधीच्या आणि नंतरच्या जनगणनेचे जवळजवळ सगळे घरोघरचे कागदही गेले. छापलेली बेरीज उरली, माणसांची नावं जळाली.

साहित्याकडे वळलीस तर 'फील्ड डे' संग्रहाची गोष्ट ऐक. १९९१ मध्ये आयरिश लेखनाचे तीन जाडजूड खंड निघाले, चार हजारांवर पानं. त्यात बायकांचं लेखन इतकं थोडं की देशभर वाद पेटला. त्या खंडांच्या संपादकांत एकही बाई नव्हती. अकरा वर्षांनी, २००२ मध्ये, आठ बायकांनी संपादित केलेले चौथा आणि पाचवा खंड आले, तेही कॉर्कच्याच प्रकाशनाकडून. पाचही खंड शेल्फवर शेजारी शेजारी असतील. जाशील तेव्हा पहिल्या तिघांची जाडी आणि नंतरच्या दोघांची जाडी हाताने मोजून बघ.

त्या आठ जणींतल्या एक अँजेला बर्क. त्यांचं 'द बर्निंग ऑफ ब्रिजेट क्लिअरी' मी दोन रात्रींत वाचलं, आणि तिसऱ्या रात्री झोप लागली नाही. १८९५ च्या मार्चमध्ये टिपरेरीतल्या एका खेड्यात नवऱ्याने बायकोला जाळलं. ही माझी बायकोच नाही, खऱ्या ब्रिजेटला पऱ्यांनी पळवलं, असं त्याचं म्हणणं. घरात तिचा बाप होता, नातेवाईक होते, शेजारीपाजारी होते. लंडनच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी लगेच म्हटलं, असल्या लोकांना कसलं होमरूल द्यायचं! बर्कबाई त्या गदारोळात शिरतात आणि ब्रिजेटकडेच बघत राहतात. ती कपडे शिवायची. तिच्याकडे सिंगरचं शिलाई मशीन होतं, कोंबड्या होत्या, हातात स्वतःचे चार पैसे होते, मूलबाळ नव्हतं. आपल्याकडे डाकीण ठरवून मारलेल्या बायकांच्या बातम्या तू वाचल्या आहेसच. कोणाला बाहेरची बाधा 'होते', हे मला त्या शिलाई मशीनपाशी कळलं.

आणि एक आपल्या गावाशेजारची गोष्ट. बडनेऱ्याला जन्मलेले पुरोहित स्वामी आणि आयरिश कवी येट्स यांनी मिळून दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, १९३७ मध्ये छापलं. येट्सला संस्कृत येत नव्हतं. बडनेरा म्हणजे आपल्याला गाडी बदलायचं स्टेशन, एवढंच! रॉय फॉस्टर यांनी येट्सचं दोन खंडांत चरित्र लिहिलं आहे. त्याच्या दुसऱ्या खंडाच्या नामसूचीत स्वामींचं नाव शोध आणि त्या पानांचा फोटो मला पाठव.

शेवटचं काम आजीचं आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या पाच हजार शाळांतल्या मुलांना सांगितलं होतं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोष्टी विचारा आणि वहीत उतरवून आणा. दुष्काळाच्या कितीतरी आठवणी त्या वह्यांत आहेत. दुष्काळात तिथे अमेरिकेतून मका आणला. तो इतका कडक की लोकांना तो शिजवता येईना, खाऊन पोटं बिघडली. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांवर माणसं सरकारी कामांवर रस्ते बांधत, खडी फोडत होती. हे वाचताना मला आजी दिसली. बहात्तरच्या दुष्काळात बीडकडे पाझर तलावाच्या कामावर तिने खडी फोडली. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, मिळायची. ती म्हणते, "भाकरी थापली की तव्यापर्यंत जाईतो चिरायची, बाई. तुकडे भाजायचे नि तुकडेच खायचे." एवढं एकच वाक्य माझ्याकडे आहे. पुढचं मी कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी आपल्याकडच्या दहा वाजता तिला फोन कर, तेव्हा ती निवांत असते. मिलोपासूनच सुरुवात कर. वही आणि पेन जवळ ठेव, आणि तिचे शब्द आहेत तसेच लिही.

तुझी,
आई