तक्रार: बोर्डावर इंडियन आणि नेपाळी बुफे, ताटात मात्र भलतंच

नमस्कार,

तुमच्या फीडबॅक फॉर्ममध्ये सगळं लिहून पाठवलं होतं, त्यावर लगेच "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असा ऑटोमॅटिक मेल आला आणि मग सगळी सामसूम, म्हणून आता परत सविस्तर लिहितेय. मराठीत लिहितेय कारण काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की तुमचे मालक मराठी आहेत, आणि राग आलेला असताना मला दुसऱ्या कुठल्या भाषेत धड लिहिताही येत नाही.

शनिवारी रात्री आम्ही चौघं आलो होतो, मी, नवरा, सासूबाई आणि आमच्या शेजारच्या नेपाळी दीदी. या दीदी येता जाता आम्हाला काही ना काही करून खायला घालतात, तर म्हटलं एकदा आपण त्यांना जेवायला नेऊ, आणि तुमच्या बोर्डावर "इंडियन अँड नेपाळी बुफे" असं मोठ्या अक्षरात दिसलं म्हणून मुद्दाम तुमच्याकडेच टेबल बुक केलं.

आधी मोमोचं सांगते कारण तेच सगळ्यात गंभीर आहे. एकाच ट्रेमध्ये व्हेज आणि चिकनचे मोमो, मधे काही पार्टिशन नाही, पाटीवर फक्त "मोमो" एवढंच. मी तिथल्या मुलाला विचारलं तर म्हणाला डावीकडचे व्हेज, उजवीकडचे नॉनव्हेज. आता बुफेमध्ये लोक चिमट्याने उचलणार, खालचे वर करणार, एखादा परत टाकणार, त्यात डावं उजवं काय राहणार आहे हो? आई (म्हणजे सासूबाई) पक्क्या शाकाहारी, त्यांनी डावीकडचा मोमो घेतला, अर्धा खाल्ला आणि आत खिमा. त्या उठून गेल्या त्या अर्धा तास परत टेबलावर आल्याच नाहीत, आणि नंतर पाण्याशिवाय कशालाच हात लावला नाही. बऱ्याच ठिकाणी निदान आकार तरी वेगळा ठेवतात, एक गोल पोटलीचा आणि एक लांबट करंजीसारखा, म्हणजे न विचारता कळतं. तुमच्याकडे दोन्ही गोल. आणि पनीरच्या भांड्यात जो डाव होता त्याला चिकनचा रस्सा लागलेला, तो आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितला, कारण शेजारच्या भांड्यात डावच नव्हता आणि लोक तोच एक डाव दोन्हीकडे फिरवत होते.

मॅनेजरना बोलावलं तर ते म्हणाले "मॅडम, बुफेमध्ये थोडं इकडचं तिकडे होतंच". सॉरी पण नाही. आणि मग बिल आलं त्यात आईंच्या प्लेटमध्ये राहिलेल्या अन्नाचा जादा चार्ज! ताटात अन्न टाकलं तर पैसे लागतील ही पाटी मला मान्य आहे, चांगलीच आहे, लोक ढीगभर घेतात आणि टाकतात ते मलाही आवडत नाही. पण तुमच्या चुकीने शाकाहारी बाईच्या ताटात मांस आलं आणि ते तिने संपवलं नाही म्हणून दंड, हे ऐकून दीदी तर हसायलाच लागल्या, मला हसूही येईना.

आता गरम अन्नाबद्दल. तुमच्या चेफिंग डिशच्या खाली ती इंधनाची डबी असते ना, ओळीतल्या निम्म्या विझलेल्या होत्या. छोले कोमट, मटण करीवर साय धरलेली, भात तर चक्क गार. चेफिंग डिश ही गरम अन्न गरम ठेवायला असते, गार झालेलं परत तापवायला ती नसते, हे स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला मी सांगायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या सूचनांमध्ये सरळ लिहिलंय की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा आणि साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. भाताच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं, कारण त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं उलट्या करणारं विष परत गरम केलं तरी जात नाही. आम्हाला त्या दिवशी काही झालं नाही, नशीब. पण रोज इतकी माणसं जेवतात तिथे नशिबावर किती दिवस चालणार?

आणि त्याहून वाईट म्हणजे भरायची पद्धत. तुमचा माणूस आतून ताजी डाळ आणतो आणि अर्ध्या भरलेल्या जुन्या भांड्यात वरून ओततो. म्हणजे तळाची डाळ संध्याकाळपासून तिथेच आहे, ती कधी संपणारच नाही, वर नवीन येत राहणार आणि बघणाऱ्याला वाटणार वा काय ताजी आहे. रिकामं भांडं उचलायचं आणि भरलेलं दुसरं ठेवायचं, एवढं साधं काम आहे. त्यापेक्षा लहान भांडी ठेवा आणि पटापट बदला, गर्दीच्या दिवशी तर ते सहज जमेल, वाया पण कमी जाईल.

बरं, नेपाळी भागाचं. पाट्या वाचून दीदी इतक्या खूश झाल्या होत्या, गुंद्रुक, आलू तामा, सेल रोटी, सगळी नावं होती. झाकण उघडल्यावर कळलं. गुंद्रुक म्हणजे मोहरीचा, मुळ्याचा पाला सुकवून, दाबून आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात, त्याला स्वतःचा आंबट वास आणि चव असते. तुमच्या भांड्यात होतं पालकाचं पाणी आणि त्यात लिंबू. आलू तामामध्ये तामाच नाही, म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब, ज्यावरून त्या भाजीला नाव पडलं तेच गायब, उरला फक्त बटाटा आणि चवळी, आणि तो पण पनीरवाल्याच लाल ग्रेव्हीत. सेल रोटीच्या पाटीमागे जिलेबी. सेल रोटी तांदळाच्या पिठाची असते, जाड कड्यासारखी तळलेली, पाकात घातलेली नसते. मोमोबरोबरचा अचार म्हणजे बाटलीतली शेजवान चटणी. खरा अचार भाजलेल्या टोमॅटोचा, त्यात तीळ आणि तिमुर, जे आपल्या तिरफळाचं भाऊबंद आहे आणि जिभेला तशाच झिणझिण्या आणतं. तुमच्याकडे तिमुर नसेल तर नका घालू, पण मग त्याला नेपाळी अचार म्हणू नका. आणि ज्या दिवशी खरा अचार कराल त्या दिवशी पाटीवर "तीळ आहेत" असं लिहा, तिळाची ॲलर्जी असणारी माणसं असतात आणि ती ॲलर्जी जिवावर बेतू शकते. शेंगदाणे, काजू यांचंही तसंच, तुमच्या कोर्म्यात काजू आहेत हे मला चवीवरून कळलं, पाटीवर एक अक्षर नाही.

मला राग याचा जास्त येतो की तुमच्या लोकांना स्वयंपाक येत नाही असं अजिबात नाही. तंदूर चांगला आहे, नान टेबलावर गरम आणून दिली (ती बुफेत ठेवून चामडं केली नाहीत हे फार बरं केलंत), वाढणारी पोरं पण नम्र होती. म्हणजे हे येतं तुम्हाला, फक्त नेपाळी बाजूला कोणी लक्षच देत नाही, बोर्डावर नाव लावलं की गिऱ्हाईक येतं एवढ्यावर भागवताय.

आणि गंमत म्हणजे नेपाळी जेवण बुफेला किती सोपं आहे! दालभात, तरकारी, साग, अचार, बस्स. तिकडे दालभाताच्या ताटात डाळ, भात, भाजी परत परत वाढायचीच रीत आहे. मुस्तांगच्या थाक खोऱ्यातले थकाली लोक पूर्वी मिठाच्या व्यापाराच्या वाटेवर प्रवाशांसाठी भट्टी म्हणजे छोट्या खानावळी चालवायचे, आज नेपाळमध्ये जागोजागी "थकाली भान्सा" (भान्सा म्हणजे स्वयंपाकघर) अशा पाट्या दिसतात त्या त्यांच्याच नावाच्या. दीदी म्हणाल्या की डाळीला साजूक तुपात जिंबूची फोडणी दिली तरी मी खूश झाले असते, जिंबू म्हणजे हिमालयातली कांद्याच्या जातीची वाळवलेली पात, चिमूटभर लागते. दहा खोट्या पाट्या लावण्यापेक्षा हे चार पदार्थ खरे ठेवा ना, खर्च पण कमी येईल तुम्हाला.

अजून एक, दीड तासाची वेळमर्यादा. मोमोचा ट्रे निम्मा वेळ रिकामा, विचारलं की "आता येतोय", आणि वेळ संपायला आला की तुमचा माणूस टेबलाशी येऊन उभा. पदार्थ संपलेला असताना घड्याळ गिऱ्हाइकाचंच का चालतं?

तर मला हवंय ते असं. आईंच्या जेवणाचे पूर्ण पैसे आणि तो टाकलेल्या अन्नाचा चार्ज, दोन्ही परत करा. पुढच्या वेळी डिस्काउंटचं कूपन नको, कृपा करून ते पाठवूच नका. व्हेज आणि नॉनव्हेज वेगळ्या टेबलावर ठेवा किंवा निदान वेगळ्या ट्रेमध्ये आणि प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव, हे तर उद्यापासून होऊ शकतं, त्याला मीटिंग लागत नाही. जो पदार्थ केलेला नाही त्याची पाटी काढा. आणि मॅनेजरनी आईंना स्वतः फोन करून माफी मागावी, मला नाही, त्यांना, नंबर बुकिंगमध्ये आहे.

बिलाचा फोटो, मोमोच्या ट्रेचा फोटो आणि विझलेल्या डब्यांचा फोटो सोबत जोडलाय. पैशांचं काय ते उत्तर मेलवरच द्या, या आठवड्यात नाही आलं तर हेच पत्र फोटोंसकट अन्न सुरक्षा विभागाकडे पाठवणार आहे.

तुमची एक नाराज ग्राहक