आधी दोन टाके तरी घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, ऑपरेशन चालू असतानाच उरलासुरला कॅन्सर चमकवून दाखवणाऱ्या औषधावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. मी पुण्यात ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. स्लाइड वाचायचं काम डॉक्टरांचं, तुकडा कापून, रंगवून त्यांच्यापुढे ठेवायचं माझं. त्यामुळे थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

थिएटरमधून फोन यायचा, "फ्रोझन येतंय." फ्रोझन म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून करायची झटपट तपासणी. मग हातातलं काम, चहा, सगळं बाजूला. सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळलेला तुकडा आला की क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठवून काप काढायच्या यंत्रात, उणे २० अंशांच्या आसपास गोठवायचा, पाचेक मायक्रॉनची चकती काढायची, गुंडाळी झाली तर ब्रशने हलकेच सरळ करायची, काचेवर उचलायची आणि रंगवायची. तुकडा हातात पडल्यापासून डॉक्टरांनी थिएटरला कळवेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ पेशंट टेबलावर भुलीखाली आणि सर्जन हाताची घडी घालून उभे. एकदा बाहेरच्या एका हॉस्पिटलचा वॉर्डबॉय स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून धापा टाकत आला, तर डबीत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधात, बुडवलेला! फ्रोझनला ताजा तुकडा लागतो. त्याला कसं सांगायचं, की तुझी धावपळ फुकट गेली?

फ्रोझनलाही मर्यादा आहेत. तंबाखू आणि मिश्रीच्या कृपेने गालाच्या, जिभेच्या कॅन्सरचे तुकडे आमच्याकडे रोजचेच, आणि तिथे फ्रोझन छान चालतं. जबड्याचं हाड आलं की मात्र पातं हात टेकतं. हाड आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं, त्यात दिवस जातात. आणि स्तनाची चरबी तर विचारूच नका. ज्या थंडीत बाकीचं मांस कडक होतं तिथे ती नीट गोठत नाही, पात्याखाली लोण्यासारखी फासते.

म्हणूनच लेखातलं औषध मला महत्त्वाचं वाटलं. पेगुलिसियानिन हे त्याचं नाव. त्याला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२४ मध्ये मान्यता दिली, तीही नेमकी स्तनाच्या गाठीच्या ऑपरेशनसाठी. औषध आधी शिरेतून देतात, गाठ काढल्यावर त्या पोकळीत कॅमेऱ्याचा दांडा फिरवतात. मोठ्या चाचणीत ३५७ पैकी २७ जणींमध्ये नेहमीच्या पद्धतीने गाठ काढल्यावरही मागे राहिलेला कॅन्सर त्यामुळे सापडला आणि तिथल्या तिथे काढता आला. या औषधाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, असा ठळक इशारा त्यावर छापलेला असतो. तुमच्या लेखात तो नव्हता, तो यायला हवा होता.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. माझ्या धाकट्या बहिणीची गाठ शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये काढली. स्तन वाचवून फक्त गाठ आणि भोवतालची थोडी कड काढली, तेही हुशारीने. नवव्या दिवशी रिपोर्ट आला: मार्जिन पॉझिटिव्ह. म्हणजे काय, तर लॅबमध्ये तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला आम्ही शाई लावतो, ती पुसू नये म्हणून व्हिनेगरचा हात फिरवतो, आणि मग चकत्या करतो. कॅन्सरची पेशी शाईला टेकलेली दिसली, तर कड मोकळी नाही, आत कॅन्सर राहिला असू शकतो. टेकलेली नसेल तर बहुतेक वेळा पुरे. २०१४ पासून अमेरिकेतल्या सर्जन आणि रेडिएशनवाल्यांनीही हाच नियम धरला आहे.

बहिणीच्या रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती: तुकड्याला खुणा नाहीत, दिशा सांगता येत नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. सर्जनने तुकडा काढल्याबरोबर त्याला दोन टाके घालायचे असतात, वरच्या बाजूला आखूड दोऱ्याचा, काखेकडच्या बाजूला लांब दोऱ्याचा. मग आम्ही बाजूगणिक वेगळ्या रंगाची शाई लावतो, आणि कॅन्सर टेकलाय तो निळ्याला की हिरव्याला, एवढं तरी सांगता येतं. टाके नाहीत म्हणजे तो तुकडा बिनदिशेचा, बटाट्यासारखा. कुठली बाजू पुन्हा कापायची हे कळेना, म्हणून दुसऱ्या ऑपरेशनमध्ये चहूबाजूंनी कापावं लागलं. त्या दुसऱ्या तुकड्यात कॅन्सर अजिबात निघाला नाही. असं होतं, नवल नाही. पण बहीण म्हणाली, "अगं ताई, मग कापलं कशाला?" एवढी वर्षं या कामात घालवूनही मला तिला समाधान होईलसं उत्तर देता आलं नाही.

रविवारपासून ओळखीतल्या तिघींनी मला फोन करून विचारलं, ते चमकणारं इंजेक्शन आपल्याकडे कुठे मिळतं? मी त्यांना उलट विचारलं, तुमच्या हॉस्पिटलात फ्रोझन आहे का, की तुकडा रिक्षाने बाहेर जातो? गाठ पुरती निघाली का ते पाहायला तिचा एक्स-रे तिथेच काढतात का? तिघींनाही माहीत नव्हतं, आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सह्या तिघींच्याही झाल्या होत्या.

संमतीपत्रात भूल, रक्त, जोखीम यांची चार पानं असतात. त्यात "फ्रोझनची सोय येथे आहे / नाही" अशी एक ओळ घालायला काही खर्च येत नाही. आणि तुकड्याबरोबर लॅबला येणाऱ्या फॉर्मवर "खुणा" असा रकाना असतो. मी काम करत होते तेव्हा तो रिकामा आला की मी थिएटरला फोन करायचे आणि बोलणी खायचे. बहिणीच्या फॉर्मची झेरॉक्स मी मागून आणली. तो रकाना कोराच आहे, आणि तसा कुणी फोन केल्याची नोंदही त्यावर नाही.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
सहकारनगर, पुणे