बाबा, दिवा लावूनच उठा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

दादाचा मेसेज आला. बाबा परवा रात्री मोरीकडे जाताना पडले, आणि आई त्यांना म्हणाली, ‘बघून चालता येत नाही का?’ ते वाचलं आणि आपलं नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर डोळ्यांपुढे आलं. व्हिडिओ कॉलवर एवढं सगळं बोलता यायचं नाही, म्हणून कागद घेतला.

आई, हेच वाक्य तू मला रोज म्हणायचीस. ऐकू येत नसलं तरी तुझ्या ओठांवरून मला ते पाठ झालं होतं. मी जिन्यावरून पडायचे, ओबडधोबड फरशीवर पडायचे, आणि लाइट गेली की हमखास पडायचे. गुडघे कायम हळदीने पिवळे. पोरगी धांदरट आहे, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते खरंच वाटायचं.

मला १४ व्या महिन्यात मेंदूज्वर झाला. तूच सांगतेस, त्याआधी मी घरभर चालत होते, आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर धड बसताही येईना. तापाने अशक्तपणा आला असेल, असं तुम्हाला वाटलं. बाबांनी सुताराकडून पांगुळगाडा करून आणला आणि मी दुसऱ्यांदा चालायला शिकले. ऐकू येत नाही हे त्यानंतर कळलं. पण त्या तापाने माझं आणखी काहीतरी नेलं होतं. ते मला २६ व्या वर्षी एका तपासणीत कळलं. कानात गार आणि गरम पाणी सोडतात. इतरांना त्याने गरगरतं, मला काहीच झालं नाही.

आपल्या कानाच्या आत ऐकण्याच्या शंखाला लागूनच तीन अर्धगोल नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं कुठे वळलं, आपण कलतोय का, खाली कुठे आणि वर कुठे, हे मेंदूला त्या सांगतात. मेंदूज्वराची सूज आतल्या कानात उतरली की शंखाबरोबर याही जाऊ शकतात. माझ्या गेल्या. तेव्हापासून मी डोळ्यांच्या आणि तळपायांच्या भरवशावर उभी आहे. म्हणून लंगडीत पहिल्या उडीलाच बाद व्हायचे. आंधळी कोशिंबीरमध्ये डोळ्यांवर रुमाल बांधला की उभंच राहता यायचं नाही. आणि भुलाबाईच्या दिवसांत फुगडी घातली की सगळ्या मुली भोवळ येऊन बसायच्या, मी एकटी तशीच उभी! चिखलदऱ्याच्या घाटात सगळ्यांना गाडी लागली होती, आठवतं? मी शेंगा खात बसले होते. विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८२ साली हेच लिहून ठेवलंय. गरगर फिरवलेल्या ५१९ बहिऱ्या माणसांपैकी १८६ जणांना अजिबात चक्कर आली नव्हती. ते वाचून मी रडले. आपल्यासारखे इतके जण होते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

बाबा, तुम्ही मला गावच्या विहिरीत पोहू दिलं नाही म्हणून मी आठ दिवस रुसले होते. आज म्हणते, बरं केलंत. गढूळ पाण्यात काही दिसत नाही आणि पाय टेकत नाहीत, तेव्हा माझ्यासारख्याला वर कुठे हेच कळत नाही.

आता शाळेत मी मुलांचे खेळ घेते, तेव्हा आधी एवढंच बघते की एका पायावर कोण किती वेळ उभं राहतं, डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून. सगळी बहिरी मुलं पडत नाहीत. काहींचा दोष फक्त ऐकण्यापुरता असतो, ती वाऱ्यासारखी पळतात. काहींची पावलं मात्र फाकलेली, चाल सावध. मग रोज आखलेल्या रेषेवरून चालणं, गादीवर उभं राहून चेंडू झेलणं, मान वळवत चालणं. सरावाने फरक पडतो. एक मुलगा उशिरा चालायला लागला होता आणि संध्याकाळ झाली की भिंतींना धडकायचा. मी त्याच्या आईला डोळे तपासून घ्यायलाच लावलं. जन्मतः बहिरेपण, उशिरा चालणं आणि रात्री कमी दिसणं एकत्र आलं, तर अशर सिंड्रोम असू शकतो. त्यात पुढे नजरही जाते, म्हणून लवकर कळलेलं बरं. अशा मुलाला धांदरट म्हणून सोडून देणं मला सहन होत नाही.

आता बाबांचं. तुम्हाला साखरेचा त्रास इतकी वर्षं आहे आणि तळपाय बधिर झाल्याचं तुम्हीच दिवाळीत म्हणालात. माझे कान गेले, तुमचे तळपाय चाललेत. अंधारात डोळेही उपयोगाचे नाहीत, मग उरतं काय? तुमचं पडणं बेफिकिरी नाही, जसं माझं नव्हतं. आई, आता त्यांना ओरडू नकोस. पण डॉक्टरांना पाय दाखवा, आणि पडल्याचं त्यांच्यापासून लपवू नका.

शनिवारी सकाळच्या एसटीने काटोलला येते. रात्रभर जळणारे छोटे दिवे आणते, खाटेपासून मोरीपर्यंत लावू. मोरीत धरायला दांडी बसवायची आहे, दादाला मिस्त्री सांगून ठेवायला सांगा. वाटेतलं ते पायपुसणं आजच उचला. आणि बाबा, त्या झिजलेल्या स्लिपर घालू नका, मागून पट्टा असलेली चप्पल मी आणते. तुमच्या पायाचं माप कागदावर काढून त्याचा फोटो दादाला पाठवायला सांगा.

तुमची,
सुमी