देहधारण समजावून सांगणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभूच्या नावाने सलाम.

संडेस्कूलमधल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "देव बाळ होऊन गोठ्यात निजला, तेव्हा जग कोण सांभाळत होतं?" देहधारणाचा, म्हणजे देवाने माणूस होण्याचा, हा प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले. तब्येत साथ देत नसताना उपासनेनंतर तुम्ही मला बसवून घेतलंत आणि सगळं सावकाश उलगडून सांगितलंत. त्याबद्दल चार लोकांसमोर मनापासून आभार मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

चौथ्या शतकात आलेक्झांद्रियाच्या बिशप अथनासियसने याचं उत्तर देऊन ठेवलंय, हे तुमच्याकडूनच कळलं. शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, देही झाला, पण देहात कोंडला गेला नाही. विश्व तोच चालवत राहिला. मानवपण घेतलं, देवपण टाकलं नाही. मुलीला ते लगेच पटलं. जड जातं ते आपल्या मोठ्यांना.

मग तुम्ही मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढलात. दिवसभर शिकवून येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलाय. लाटा आत येतायत, नाव भरत चाललीय, शिष्य घाबरून त्याला उठवतायत. तो उठतो, वाऱ्याला दटावतो आणि समुद्र निवांत होतो. "झोपला कोण आणि दटावलं कोणी?" तुम्ही विचारलंत, आणि उत्तरही तुम्हीच दिलंत, "एकच." पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, हे निकियाला भरलेल्या मंडळीच्या परिषदेने ३२५ मध्ये ठरवलं. तोच पूर्ण देव आणि पूर्ण मानव, दोन्ही स्वभावांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही, हे ४५१ मध्ये खल्कदोनच्या परिषदेने. बाप्तिस्म्याच्या वर्गात मी हे नुसतं पाठ केलं होतं. त्या नावेपाशी ते मला उमगलं.

सर्वांत मोठा आधार दिला तो चौथ्या शतकातले धर्मपंडित नाझियान्झच्या ग्रेगरीच्या म्हणण्याने: ख्रिस्ताने जे धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही. म्हणजे आपलं मन, भीती, रडू, सगळं त्याने घेतलं. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना तो खरोखर रडला. वडील गेल्यापासून मला हेच कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता मुलांचा नवा प्रश्न आहे: लहानग्या येशूला शिकावं लागलं का? लूकमधलं "ज्ञानाने वाढत गेला" मी वाचून दाखवलं, पण त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. नाताळआधीच्या आगमनकाळातल्या एखाद्या रविवारी याल का? रिक्षा घेऊन मी स्वतः न्यायला येईन, आणि जेवण आमच्याकडेच.

तुमची,
संडेस्कूलची एक शिक्षिका