शब्दकोड्याचे उत्तर तरी उलटे छापता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या, पिशाच्चांशी लढणाऱ्या मुलीच्या अमेरिकी मालिकेवरचा लेख माझ्याआधी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती पडला, आणि तक्रार तिथूनच सुरू होते. ती ही मालिका पहिल्यांदाच पाहते आहे. पाचव्या सीझनचे तेरा भाग झाले होते. आपल्या लेखकाने दुसऱ्याच परिच्छेदात बफीच्या आईचे पुढे काय होते ते सांगून टाकले. तेही जाता जाता, कंसात! मुलीने अंक खाली ठेवला आणि मला विचारले, "तुला माहीत होतं?" होते ना. म्हणून तर गेले कित्येक महिने तिच्या शेजारी तोंड शिवून बसत होते.

आता आपण म्हणाल, 2003 साली संपलेल्या मालिकेत कसले आले आहे गुपित? पण आपल्या लेखाचा विषयच मुळी 'ही मालिका लोक अजून का पाहतात' हा होता. लोक अजून पाहतात म्हणजे कुणीतरी ती आज पहिल्यांदा पाहत असणार, एवढे साधे गणित लेखकमहाशयांना सुचू नये? शब्दकोड्याचे उत्तर मात्र आपण बारीक टाइपात, उलटे छापता. तिथे काळजी घेता येते.

असो. भांडे आपणच फोडले आहे, तेव्हा मीही मोकळेपणाने लिहिते. (ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. बघा, एवढे एक वाक्य पुरते.)

'द बॉडी' हा भाग 27 फेब्रुवारी 2001 रोजी दाखवला गेला. बफी घरी येते, आईसाठी कुणी पाठवलेली फुले पाहते, हाक मारते, आणि आई सोफ्यावर पडलेली असते. कुणी पिशाच्च नाही, शाप नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली. आधी आईचे मेंदूचे ऑपरेशन होऊन ती बरी झालेली असते, त्यामुळे आपण गाफील असतो. पूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. छाती दाबताना बरगडी मोडल्याचा आवाज तेवढा येतो. पुढे हजार वर्षांहून जास्त जगलेली अन्या, जी पूर्वी सैतान होती, लहान मुलासारखी विचारते की बफीची आई पुन्हा आपल्या शरीरात का जात नाही. जिथे दर आठवड्याला मेलेले उठून चावायला येतात, तिथे हे एकच माणूस परत येत नाही. मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कुणी काही सांगितले नव्हते. संपल्यावर मी आतल्या खोलीत गेले आणि झोपलेल्या माझ्या आईचा श्वास चालू आहे ना, ते बराच वेळ बघत उभी राहिले. ते माझ्या मुलीला आता मिळणार नाही. ती भाग बघेल, पण वाट बघत बघेल.

लेखात या सगळ्याचे श्रेय 'गतकाळाच्या ओढीला' दिले आहे. मालिका सुरू झाली 1997 मध्ये. माझ्या मुलीचा तेव्हा जन्मही नव्हता, तिला कसली गतकाळाची ओढ? पहिल्या सीझनमध्ये मार्सी नावाची मुलगी आहे. वर्गात तिच्याकडे कुणी बघत नाही, शिक्षकांनाही ती लक्षात राहत नाही, आणि ती खरोखरच अदृश्य होते. तो भाग पाहून मुलगी एवढेच म्हणाली, "आमच्या वर्गात अशा दोघी आहेत." आपल्या लेखकाने पानभर जे शोधले आणि त्याला सापडले नाही, ते या वाक्यात आहे. दुसऱ्या सीझनमध्ये बफीने तिचा पिशाच्च प्रियकर एंजल याच्यासोबत घालवलेल्या रात्रीनंतर तो एकदम निराळाच माणूस होतो, त्याबद्दल तर मुलींच्या आयांना मी काही सांगायला नको.

आणि ही मालिका 'व्हॅम्पायर प्रेमकथांच्या लाटेतली' कशी? 'द व्हॅम्पायर डायरीज' आली 2009 मध्ये. लाट मागून आली हो.

जाता जाता छायाचित्राबद्दल. आपण छापले ते रुंद चौकटीतले आहे. मालिका जुन्या, जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी चित्रित झाली होती, पहिले दोन सीझन तर 16 मिमी फिल्मवर. नंतर केलेल्या रुंद एचडी आवृत्तीत कडेला चित्रीकरणाचे सामान आणि माणसे दिसतात, रात्रीचे प्रसंग भर दिवसासारखे उजळ झाले आहेत. सूर्यप्रकाशात राख होणारी पिशाच्चे लख्ख उजेडात हिंडतात! अशा मालिकेवर लेख लिहिणाऱ्याने निदान याबद्दल तरी एक ओळ खर्चायची होती. पण त्याच्या ओळी दुसरीकडेच खर्च झाल्या.

अजून दोन सीझन शिल्लक आहेत आणि शेवट बाकी आहे. त्यावर दुसरा लेख येणार असेल तर कृपया आधी कळवावे. त्या दिवशीची पुरवणी मी लपवून ठेवीन.

कळावे,
आपली एक जुनी वाचक